हिरव्या शाईचं शेवटचं प्रूफ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, केडगाव येथील आमच्या छापखान्यातील खिडकीजवळची लाकडी खुर्ची, जिचा डावा पाय आखूड असून त्याखाली जुन्या पावतीपुस्तकाचा पुठ्ठा घातलेला आहे, ती गेल्या महिन्यापासून रिकामी झालेली आहे. सदर खुर्चीवर यापुढे कुणीही बसू नये. याबाबत कुणाचे आक्षेप अथवा सूचना असल्यास त्या पंचेचाळीस दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या आक्षेपांचा विचार केला जाणार नाही.

भास्कर, माझा आक्षेप मुदतीत आहे.

आणि लेखी आहे. तोंडी सांगितलं असतं तर तू चष्म्यावरून बघून म्हणाला असतास, "नंद्या, तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. कागद दाखव." हा घे कागद.

माणूस गेला की मागे राहिलेल्यांना त्याचे भास होतात म्हणे. कुणाला सावली दिसते, कुणाला जिन्यात पाय वाजल्यासारखे वाटतात. तसला फुटकळ मामला तुला शोभला नसता. तू कामकाजाच्या वेळेत येतोस. सकाळी बरोबर दहाला.

दहाला तुझा फोन यायचा. 'हॅलो' नाही, 'चहा झाला का' नाही. "हलला." किंवा "हलला नाही." बस. पाच-सहा वर्षं हेच. एकदा आमच्या हिनं फोन घेतला. तू सांगितलंस, "वहिनी, नंद्याला म्हणावं, आजपण हलला नाही." ती बिचारी दिवसभर गप्प. संध्याकाळी मला म्हणते, "अहो, भास्करभाऊंकडे एवढं कोण आजारी आहे? भेटून तरी या." मी म्हणालो, "कामगार कायदा आजारी आहे. दिल्लीला ठेवलाय. भेटायला सोडत नाहीत."

परवा दहाला फोन वाजला आणि मी पटकन म्हणून गेलो, "हलला का?" पलीकडे पारनेरचे एक वधूपिता होते, पत्रिका छापायला द्यायची होती. ते घाबरून म्हणाले, "कोण?" फोन ठेवून मी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची हलली नव्हती.

तू काय काम करायचास, हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाल्यावर तू एमआयडीसीतल्या दहा-बारा लहान कारखान्यांना सल्ला द्यायचास. हजेरी कशी मांडायची, कुठला तक्ता कुठल्या खात्याकडे कधी धाडायचा, तपासणीला साहेब आले की कुठलं रजिस्टर वर ठेवायचं. भिंगारहून तुझी स्कूटर निघायची ती आधी माझ्याकडे. रजिस्टरं, फॉर्म, तक्ते मी छापायचो आणि प्रूफ तू तपासायचास, हिरव्या शाईनं. लाल शाई मास्तरांची, निळी जनतेची, हिरवी अधिकाऱ्यांची, असं तुझं म्हणणं. तू अधिकारी कधीच नव्हतास. पण पेन मात्र होतं.

आपल्या धंद्याचा एक नियम होता, आणि आजची सगळी गोष्ट त्या नियमावर उभी आहे. वीस वर्षांपूर्वी राहात्याच्या एका व्यापाऱ्याचं हजेरीपत्रक तू आखून दिलंस. शेवटचा रकाना कोरा, मथळाच नाही. मला वाटलं, विसरला. मी आपली अक्कल चालवून वर 'शेरा' असं छापून दिलं. तो रकाना तपासणी अधिकाऱ्यासाठी मुद्दाम कोरा सोडलेला होता. सगळी छपाई परत आली. तू छापखान्यात उभा राहून, पेनाचं टोपण टेबलावर टक टक आपटत, मला आयुष्यभराचा हुकूम दिलास. "प्रूफात जे आहे ते छापायचं. जे नाही ते नाही. अक्कल माझी, शाई तुझी." तेव्हापासून तुझ्या हिरव्या सहीनिशी 'छापा' असं लिहून आलेल्या प्रूफावर मी कानामात्रासुद्धा बदललेला नाही. एकदा तू 'कामगार' ऐवजी 'कागमार' पास केलंस, तेही मी छापलं. दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस, पण नियम मोडलास असं म्हणू शकला नाहीस. तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा काळ होता.

कायद्याचं वेड तुला कधी लागलं, ते भिंतीवर आहे. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तू नव्या कामगार कायद्यांचा रस्ता काढलास, एसटीच्या थांब्यांसारखे गोल करून. विधेयक, संसद, राष्ट्रपतींची सही, राजपत्र, केंद्राचे नियम, राज्याचे नियम, अंमल. आणि कायदा आज कुठवर आला ते दाखवायला लाल टाचणी. एकोणतीस जुने कायदे वितळवून चार नव्या संहिता केल्यात, हे तू मला चहाच्या कपांनी समजावलंस. या कपातलं त्या कपात ओतलंस, त्या कपातलं बशीत. मला कळलं ते इतकंच, की चहा तेवढाच होता.

पहिले थांबे गाडीनं सुसाट घेतले. अर्धा देश तोंडाला फडकं बांधून बसला होता, तेवढ्यात ती संसदेतून बाहेरसुद्धा पडली. मग नियमांच्या थांब्याला येऊन जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर चहाला गेला, कंडक्टर ड्रायव्हरला शोधायला गेला. केंद्राचा मसुदा आला. आक्षेप मागवले. राज्याचा मसुदा आला. आक्षेप मागवले. दरवर्षी मार्च लागला की तू सांगायचास, "एक एप्रिलला नक्की." आणि एक एप्रिलला मी भिंगारला फोन करून पेढे मागायचो. मध्यंतरी आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. लेटरहेडं, शिक्के, पावतीपुस्तकं, सगळं नव्यानं छापलं, माझी चंगळ झाली. मी म्हणालो, "बघ, अख्खा जिल्हा हलला, तुझी टाचणी हलेना." तू हसला नाहीस. टाचणीला गंज चढला होता, तो तू रुमालानं पुसत होतास.

'अंमल' या थांब्यापुढे तू आणखी एक गोल काढून ठेवला होतास. कोरा. मी विचारलं, "हा कुठला?"

"पोचलो की लिहू," तू म्हणालास.

मला तो गोल कुणाचा ते माहीत होतं. मी विचारलं ते तुला छळायला.

मंगल किसन दहिफळे. तू तिला ओळखतोस, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बाई पाथर्डीकडची. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. हिनं ठरवलं, आपण कोयता धरायचा नाही. नवऱ्याला घेऊन केडगावात खोली केली आणि रबरी वायसर बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. अकरा वर्षं त्याच टेबलाशी. पण कागदावर ती दरसाल नवी. ठेकेदाराचा अकरा महिन्यांचा करार संपला की रजिस्टरात तिच्या नावापुढे 'काम सोडले' असं यायचं. मग आठ दिवस कोरे. नवव्या दिवशी दुसऱ्या ठेकेदाराच्या रजिस्टरात 'नवीन'. मधले आठ दिवस मंगलबाई काही माहेरी जात नव्हती. रोजच्यासारखी पाळीला यायची, खोकी बांधायची, डबा खायची. फक्त कागदावर नसायची. वर्षाला आठ दिवस त्या कारखान्यात भुतं पॅकिंग करायची, आणि माल बरोबर वेळेवर निघायचा.

ते 'काम सोडले' तुझ्या अक्षरात आहे, भास्कर. रजिस्टर माझ्या छापखान्यातलं. रेघा मी आखल्या, त्यांच्यामध्ये भुतं तू घातलीस. आपण दोघांनीही ते वर्षानुवर्षं केलं, आणि चहा प्यायलो.

मग त्या आठ दिवसांतल्याच एका दिवशी खोक्याला पट्टी बांधायच्या यंत्रात तिचं बोट सापडलं. डाव्या हाताचं, मधलं. तू तिला घेऊन कामगारांच्या दवाखान्यात गेलास. खिडकीतल्या माणसानं कागद बघितला आणि तुला सांगितलं, "ही बाई तर आज कामावरच नाही. काम सोडलंय म्हणून लिहिलंय." तुझंच अक्षर त्यानं तुला वाचून दाखवलं. तू तिला स्कूटरवर मागे बसवून खासगी डॉक्टरकडे नेलंस. बोट वाचलं नाही.

तिथून तू सरळ माझ्याकडे आलास. खुर्चीवर बसलास. चहावर साय धरली तरी हात लावला नाहीस. मी विचारलं, "शिव्या दिल्या का तिनं?" तू मान हलवलीस. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तुझं तोंड होतं. ती म्हणाली होती, "साहेब, बोटाचं काय न्हाई, नऊ हायेत अजून. पर म्या त्या दिशी कुटं हुते, ते तरी कुटं लिहा की."

त्या दिवसापासून तुझ्या प्रूफांतला 'अ. ब. क.' गेला. नमुन्याचा फॉर्म कुठलाही असो, रजेचा अर्ज, ओळखपत्र, हजेरी, नावाच्या जागी तू 'मंगल किसन दहिफळे' लिहायचास. मी म्हणायचो, "काय रे, बाईवर फॉर्म ओवाळून टाकतोस का?" तू म्हणायचास, "नमुन्यात जिवंत माणसाचं नाव असलं की चूक कमी होते." आणि पक्की छपाई करायच्या आधी त्या नावाभोवती हिरवं वर्तुळ काढून बाजूला 'काढा' असं लिहायचास. एकदाही विसरला नाहीस. वर्षानुवर्षं मंगलबाई तुझ्या प्रत्येक कागदावर यायची आणि दर वेळी तूच तिला काढायचास.

नव्या कायद्यात तुझा जीव अडकला होता तो एका कलमापायी. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचंच. ज्यांना आजवर दिलं नाही त्यांनाही, कायदा लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. त्या पत्राचा मसुदा तू किती वेळा केलास ते माझ्या संगणकाला विचार.

आणि नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी, सगळ्यांनी एप्रिलची वाट बघायची सोडून दिलेली असताना, गाडी अचानक सुटली. नियम अजून अर्धे मसुद्यातच होते, पण कायदा लागू! तू पेढे घेऊन छापखान्यात घुसलास तो चपला न काढता. "आला रे आला!" पत्रिका घ्यायला आलेल्या मंडळींना वाटलं तुझ्या लेकीचा नवरा परदेशातून आला. त्यांनीही पेढे खाल्ले. तू टाचणी उपटलीस. कागदावर गंजाचा तांबडा डाग राहिला. टाचणी तू 'अंमल'वर अशी रोवलीस की भिंतीचा पोपडा पडला.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला कधी जमलंय?

"पत्रावर तारीख कुठली घालणार?" मी विचारलं.

"कसली तारीख?"

"ती कामाला लागली ती."

तू पेढ्यांचं झाकण लावलंस. "कंपनी ठेकेदाराला काढतेय. बायांना स्वतःच्या पटावर घेणार. आजपासून."

"म्हणजे अकरा वर्षांनी मंगलबाई पुन्हा नवीनच."

"पत्र तर मिळतंय. मी सल्लागार आहे, नंद्या. मी सांगतो. ठरवतात ते."

"आणि 'काम सोडले' कोण लिहीत होतं? सल्लागारच ना? तेव्हा सांगत होतास का लिहीत होतास?"

मला थांबता येत नव्हतं. मी पुढेही बोललो. "खरी तारीख लिहायला तुला दिल्लीचा कायदा कशाला पाहिजे रे? कुठल्या कायद्यानं आजवर तुझा हात धरला होता?"

पेनाचं टोपण काढलंस, परत लावलंस. टक. मग चपला तर पायातच होत्या, तसाच निघून गेलास. पेढे राहिले.

तीन आठवडे दहाचा फोन आला नाही. मीही केला नाही. माझं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाइतका गाढव दुसरा कुणी नसतो. एका गुरुवारी तू आलास. बसला नाहीस. नेमणूक पत्राचं प्रूफ टेबलावर ठेवलंस, म्हणालास, "दोनशे. छाप." आणि वळलास. 'चहा घे' हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. दारातून तुझी पाठ दिसत होती. स्कूटरला तू दोनदा किक मारलीस. तेवढ्या वेळात दोन शब्द सहज बसले असते.

रविवारी सकाळी अर्धी दाढी झालेली असताना तू गेलास.

दहाव्याला पिंड ठेवला आणि आम्ही अजून मागे सरतोय तोवर कावळा येऊन शिवलासुद्धा. सगळे समाधानानं म्हणाले, "चला, इच्छा काही राहिली नव्हती." मला असा संताप आला! कायद्यासाठी सहा वर्षं थांबलास आणि इथं दोन मिनिटं थांबवेना? त्या कावळ्याला प्रूफ वाचता येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. निघताना तुझ्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला एक खोकं दिलं. म्हणाल्या, "यांची पेनं आहेत. घरात हिरवं लिहिणारं कुणी नाही." दहा पेनं. नऊ नवी. एकाच्या टोपणावर आपटून आपटून चीर गेलेली.

आता कबुली. ती ऐकायला तू खुर्चीवर बसायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रूफातलं नेहमीसारखं, काय लिहिलंय ते न वाचता, जसंच्या तसं उतरवून पत्राची छपाई लावली. पहिला कागद यंत्रातून बाहेर आला, उजेडाला धरला, आणि मला दिसलं. नावाच्या जागी मंगल किसन दहिफळे. कामावर रुजू झाल्याच्या तारखेच्या जागी अकरा वर्षांपूर्वीची, जूनमधली एक तारीख. मी प्रूफ काढून बघितलं. हिरवं वर्तुळ नव्हतं. 'काढा' नव्हतं. खाली तुझी सही आणि 'छापा'.

इतक्या वर्षांत 'काढा' पहिल्यांदाच नव्हतं. राहून गेलं असेल. माझ्यावर चिडलेला होतास, कदाचित छातीत दुखतही असेल, चष्मा पुसला नसशील. तसं असेल तर ती चूक. पण तारीख कुठून आली, भास्कर? आजवरच्या एकाही नमुन्यात तू तारीख भरली नव्हतीस. ती तारीख फक्त पहिल्या ठेकेदाराच्या पहिल्या रजिस्टरात आहे, तुझ्याच अक्षरात. ते रजिस्टर तू कुठून तरी उपसून काढलंस. काढलंस म्हणजे मुद्दाम. मुद्दाम असेल तर मला सांगितलं का नाहीस? 'छाप' एवढंच का म्हणालास? मी चहा विचारला असता तर सांगितलं असतंस?

खटका माझ्या अंगठ्याखाली होता. यंत्र थांबवून दोन जागा कोऱ्या करायच्या, दोन मिनिटांचं काम. घड्याळात बघितलं, दहाला पाच कमी. म्हटलं, थांबू. दहा वाजले. फोन वाजला नाही. यंत्र मात्र कागद टाकताना आवाज करत होतं. तो आवाज ते रोज करतं, त्याच्या कुठल्याशा दांड्याचा खिळा सैल आहे. टक टक. टक टक.

प्रूफात जे आहे ते छापायचं. मी अंगठा काढून घेतला. दोनशे मंगलबाई बाहेर पडल्या. आणि खरं सांगू? थोडी मजाही वाटत होती. वीस वर्षांनी एकदाचं आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं.

गठ्ठा मी स्वतः कारखान्यात नेऊन दिला. तिथली सह्यांची पद्धत तूच बसवलेली. कारकून कागदांची चळत खालच्या बाजूनं पत्त्यांसारखी पसरतो, प्रत्येकाची दोन बोटं कड तेवढी उघडी. मॅनेजरसाहेब फोनवर बोलत सह्या ओढत जातात, मागून शिक्का बसत जातो. नावं नंतर, वाटताना, हातानं भरायची. वरचं कुणी वाचत नाही. वाचायला तू होतास. सकाळी दोनशे सह्या झाल्या.

दुपारी जेवणाच्या शेडमध्ये वाटप. बाया डबे आवरून बाकांवर बसलेल्या. मीही मागे उभा, वाढदिवसाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा. कारकुनानं पहिलं पत्र उचललं, लिहायला पेन उघडलं आणि थबकला. नाव भरलेलंच होतं. त्याला वाटलं, बरं झालं, काम वाचलं.

"मंगल किसन दहिफळे!"

ती पुढे आली, सही केली, पत्र घेतलं, जागेवर जाऊन बसली. त्यानं दुसरं उचललं.

"मंगल किसन दहिफळे!"

"आवं, घेतलं की म्या आत्ताच."

हशा. त्यानं तिसरं उचललं. नाव पुकारायला तोंड उघडलं, मिटलं. चौथं बघितलं. चळतीच्या मधलं एक बघितलं, तळचं एक बघितलं. मग तो मॅनेजरसाहेबांच्या कानाशी गेला. साहेब चहा ठेवून उठले.

"प्रेसवाले! ही काय भानगड?"

"भानगड नाही साहेब. प्रूफ पास आहे." मी खिशातून तुझं प्रूफ काढून दाखवलं.

"गेलेल्या माणसाची सही दाखवता मला?"

"वरची गेलेल्या माणसाची आहे. खालची तुमची. तुम्ही तर आहात ना?"

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेब मंगलबाईकडे वळले. "बाई, छपाईची चूक झाली आहे. ते पत्र परत द्या."

मंगलबाईला वाचता येतं, सावकाश. ती ओठ हलवत तारखेपाशी पोचली होती. बोट टेकवून तिनं तारीख मोठ्यानं वाचली. शेजारची म्हणाली, "काय गं?" मंगलबाई म्हणाली, "ह्याच दिशी आले हुते मी. पोरगी पाळन्यात हुती. शेजारनीला दिऊन आले." आणि साहेबांना म्हणाली, "ह्यात चूक कुटं हाय, साहेब? दावा."

साहेबांनी बघितलं. चूक त्यांना दाखवता येईना.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटचं ऐकताना तुझं लक्ष राहील. ते एक पत्र तिनं दिलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या तळाशी ठेवलंय. कंपनी म्हणते, प्रकरण विचाराधीन आहे. वकील म्हणतात, सही-शिक्का असलेला कागद आहे, सहज पुसता यायचा नाही, पण खात्री कुणी देत नाही. मी दोनशे कोरी पत्रं पुन्हा छापून दिली, माझ्या पदरची, आणि ते गिऱ्हाईक गेलं. पण त्या पत्रांवर एकही बाई सही करेना. सगळ्या म्हणतात, आमचीबी खरी तारीख घाला. त्यासाठी आता जुनी रजिस्टरं बाहेर काढलीत. तुझं 'काम सोडले', 'नवीन', 'काम सोडले', 'नवीन' एकाखाली एक लावून बघतायत. आठ-आठ दिवसांची भोकं सगळ्यांची एकाच वेळची. तू केलेल्या लबाडीचा साक्षीदार तूच, आणि तुला उलटतपासणीला बोलावता येत नाही. भिंतीवरचा शेवटचा गोल अजून कोराच आहे. तुझं चीर गेलेलं पेन घेऊन मी दोनदा त्यासमोर उभा राहिलो. लिहिलं नाही. तू भरून दिलेलं नाहीस. जे नाही ते नाही.

तर ती शेड. साहेब प्रूफ बघतायत, कारकून साहेबांकडे बघतोय, मी पंख्याकडे बघतोय, कारण त्याचंही पातं टक टक करत होतं आणि माझा त्यावर आता विश्वास बसू लागला होता. मंगलबाई उठली. टेबलावरची चळत तिनं आपल्याकडे ओढली आणि नऊ बोटांनी एकेक पत्र उलटू लागली. आपलं नाव. आपलं नाव. आपलं नाव. खाली सही, शिक्का. वीस उलटली, तीस उलटली. अर्ध्या चळतीवर ती थांबली, शेडभर नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी खरोखरच्या नवलानं म्हणाली,

"आगं बया! म्हंजी इतकी वर्सं ही समदी कंपनी म्या एकलीच चालवीत हुते व्हय?"